जाड झालेला ड्यूरा : कारणे, निदान आणि उपचार



मेनिन्जायटिस म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर ताप, उलट्या आणि ताठ झालेली मान येते. या पाठात ज्या आजाराची ओळख करून घ्यायची आहे, त्यात बहुतेक वेळा यांपैकी काहीच ठळकपणे नसते. रुग्ण चालत ओपीडीत येतो आणि गेले काही महिने डोके दुखते आहे एवढेच सांगतो. आजाराचे नाव मात्र लांबलचक आहे : हायपरट्रॉफिक पॅकिमेनिन्जायटिस. मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या सर्वांत बाहेरच्या आवरणाला दाह होऊन ते जाड होते, असा त्याचा अर्थ. पाठाचा मुख्य मुद्दा आधीच सांगून ठेवतो. हे नाव म्हणजे निदान नव्हे. एमआरआयवर काय दिसते याचे ते वर्णन आहे. दोन रुग्णांची चित्रे हुबेहूब सारखी असली, तरी एकाला वाचवणारे औषध दुसऱ्याच्या जिवावर उठू शकते.

आवरणाची रचना

मेंदूभोवतीच्या तीन आवरणांपैकी सर्वांत बाहेरचा ड्यूरा, म्हणजे मराठी ग्रंथांतील दृढतानिका. तो चिवट, तंतुमय आणि कातड्यासारखा असतो. कवटीच्या आत त्याचे दोन थर असतात आणि काही ठिकाणी या दोन थरांच्या मधून मोठ्या नीला जातात. मेंदूच्या दोन अर्धगोलांमध्ये उभा पडदा आणि लहान मेंदूवर आडवा पडदा याच ड्यूराच्या घड्यांनी बनतो. प्रत्यक्ष मेंदूला वेदना कळत नाही, ड्यूराला कळते. म्हणून या आजारात डोकेदुखी हे सर्वांत पहिले आणि सर्वांत सातत्याने आढळणारे लक्षण असते.

आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्या. मेंदूतून निघणाऱ्या कर्पर चेतांना, म्हणजेच मज्जातंतूंच्या 12 जोड्यांना, कवटीबाहेर पडताना ड्यूरातील भोकांमधूनच जावे लागते. ही भोके अरुंद असतात. आवरण जाड झाले की तंतू आवळला जातो. दुसऱ्या जोडीवर दाब आला तर दृष्टी जाते, सहावीवर आला तर एकाची दोन माणसे दिसतात, आठवीवर आला तर ऐकू येणे कमी होते. नीलांवर दाब आला तर रक्त साचून कवटीतील दाब वाढतो, कधी गुठळीही होते.

एक रुग्ण, चार विभाग

चंडीगडची पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्था, जिला सारे फक्त पीजीआय म्हणतात, 1962 साली सुरू झाली आणि 1967 मध्ये तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. पंजाब, हरियाणा, हिमाचल, जम्मू-काश्मीर असा मोठा प्रदेश अवघड रुग्ण तिच्याकडे पाठवतो. तुमच्यापैकी काही जण आयएनआय-सीईटी देऊन तिथे जातीलही. अशा रुग्णालयात पोहोचेपर्यंत या आजाराचा रुग्ण किती दारे ठोठावून आलेला असू शकतो, हे समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ.

समजा, अंबाल्याच्या 45 वर्षांच्या एक शिक्षिका आहेत. पाच महिन्यांपूर्वी डोके दुखू लागले, पहाटे जास्त. आधी चष्म्याचा नंबर बदलून झाला, मग मायग्रेनच्या गोळ्या झाल्या. तिसऱ्या महिन्यात उजव्या कानाने कमी ऐकू येऊ लागले तेव्हा त्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेल्या. चौथ्या महिन्यात एकाची दोन माणसे दिसू लागली. आता उजव्या डोळ्याने अंधुक दिसते आहे. डोळा, कान आणि डोके यांची तक्रार वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहिली गेली आणि त्या चिठ्ठ्या कोणी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत. एका रुग्णाच्या एकापेक्षा जास्त कर्पर चेता महिन्यामहिन्याच्या अंतराने निकामी होत असतील, तर कवटीच्या तळाकडे पाहायला हवे. हा धागा तुम्ही एमबीबीएसच्या पहिल्या क्लिनिकल पोस्टिंगमध्येही पकडू शकता. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही.

त्यांच्या एमआरआयमध्ये आडवा पडदा आणि उजव्या डोळ्यामागचा ड्यूरा जाड दिसला. छातीच्या सीटीत एक छोटी गाठ आहे. मॅन्टू चाचणी पॉझिटिव्ह आहे. आता काय करायचे? एकेटी, म्हणजे क्षयरोगाची औषधे, सुरू करायची, स्टिरॉइड द्यायचे, की आणखी तपासायचे?

कारणांची गर्दी

भारतात पहिला संशय क्षयरोगाचा येतो आणि तो रास्तच आहे. नेहमीचा क्षयजन्य मेनिन्जायटिस आतल्या दोन आवरणांना धरतो. एकट्या ड्यूराचा क्षयरोग त्याहून कमी आढळतो, पण आढळतो. मात्र मॅन्टू पॉझिटिव्ह असणे हा आपल्या देशात फारसा पुरावा नाही. शरीरात क्षयाचे जंतू कधीतरी शिरले होते एवढेच त्यावरून कळते, आणि आपल्याकडे असे लोक खूप आहेत.

दुसरा मोठा गट शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीने घडवलेल्या आजारांचा. त्यातला आयजीजी-4 संबंधित आजार तुलनेने नवा आहे. 2001 मध्ये जपानमधील संशोधकांनी स्वादुपिंडाच्या एका दाहात या प्रतिपिंडाचे रक्तातील प्रमाण वाढलेले दाखवले. 2003 पासून तो अनेक अवयवांना धरणारा एकच आजार आहे हे स्पष्ट होत गेले. पूर्वी ज्यांच्या केसपेपरवर ‘कारण अज्ञात’ असे लिहिले होते, अशा काही रुग्णांचे जुने बायोप्सीचे तुकडे पुन्हा तपासले तेव्हा तेही याच आजाराचे निघाले. ‘अज्ञात’ हा शब्द किती जपून वापरावा, ते यावरून दिसते. दुसरा आजार रक्तवाहिन्यांच्या दाहाचा : ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलिअँजायटिस. यात नाक, फुप्फुस आणि मूत्रपिंड यांनाही त्रास होतो आणि रक्तातील अँका चाचणी बहुधा पॉझिटिव्ह येते. फुप्फुसात गाठी आणि पोकळ्या होत असल्याने आपल्याकडे त्याला क्षयरोग समजून महिनोन्‌महिने एकेटी दिल्याची उदाहरणे कोणताही संधिवाततज्ज्ञ तुम्हाला सांगेल. सारकॉइडोसिस आणि संधिवातही याच गटात येतात.

तिसरे कारण बुरशी. उत्तर भारतात ते विसरून चालत नाही. तिथे ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी नाकाजवळच्या पोकळ्यांत ठाण मांडून हळूहळू हाड पोखरत डोळा आणि ड्यूरापर्यंत पोहोचते. पीजीआयमधील बुरशीशास्त्राच्या प्रयोगशाळेने या आजारावर बरेच काम केले आहे आणि रोगकारक बुरशींचा राष्ट्रीय संग्रहही तिथेच आहे. कोविडच्या 2021 मधील लाटेनंतर म्युकरमायकोसिस हा शब्द घराघरांत पोहोचला. तीही याच वाटेने वर चढणारी बुरशी. मधुमेह असलेल्या वयस्क रुग्णात कानाचा चिवट जंतुसंसर्ग कवटीच्या तळाच्या हाडात शिरतो, तेव्हाही लगतचा ड्यूरा जाड दिसतो.

सिफिलिस आता क्वचित आढळतो, पण त्याची तपासणी स्वस्त आणि उपचार खात्रीचा असल्याने ती न करण्याला सबब नाही. लिम्फोमा, इतरत्रच्या कर्करोगाचे ड्यूरातील थर आणि पसरट वाढणारा मेनिन्जिओमा हेही असेच सोंग घेतात.

एक कारण तर दाहाचे नाहीच. मेरुद्रव कुठून तरी झिरपत असेल तर कवटीतला द्रव कमी होतो आणि ती जागा भरून काढायला ड्यूरातील नीला फुगतात. चित्रात ड्यूरा सगळीकडे एकसारखा जाड आणि चकाकणारा दिसतो. हे ओळखण्यासाठी रुग्णाला एकच प्रश्न विचारा : डोके उभे राहिल्यावर दुखते की आडवे झाल्यावर? झिरपण्याचा रुग्ण बहुधा सांगेल की पडून राहिले की बरे वाटते. त्याला स्टिरॉइड किंवा एकेटी नको असते. विश्रांती आणि पुरेसे पाणी यांनी भागले नाही तर त्याच्याच रक्ताचे ठिगळ पाठीच्या कण्यात ड्यूराबाहेर लावतात.

तपासण्यांचा क्रम

यावरून एक व्यावहारिक नियम निघतो. कॉन्ट्रास्टसह एमआरआय आधी, पाठीतले पाणी नंतर. उलट केले तर सुईने पडलेल्या छिद्रातून द्रव झिरपू शकतो, ड्यूरा चकाकतो आणि आपणच निर्माण केलेल्या चित्राचे कारण शोधत बसावे लागते.

तंतुमय झालेला ड्यूरा टी-2 चित्रात काळा दिसतो आणि त्याच्या कडेला दाहाची पांढरी रेघ असू शकते. कॉन्ट्रास्ट दिल्यावर उभा आणि आडवा पडदा मिळून कधी कधी रात्री दिवे लावलेल्या आयफेल टॉवरसारखा आकार दिसतो. परीक्षेत हे विचारतात. पण त्यावरून कारण कळत नाही, हेही उत्तरात लिहा.

मेरुद्रवात प्रथिने वाढलेली आणि थोड्या लिम्फोसाइट पेशी सापडतात. कधी सगळे नॉर्मलही असते. क्षयासाठीची जीनएक्स्पर्ट चाचणी पॉझिटिव्ह आली तर उत्तम, निगेटिव्ह आली तर क्षय नाही असे म्हणता येत नाही. रक्तातील आयजीजी-4 चेही तसेच : आजार फक्त ड्यूरात असेल तर ते नॉर्मल राहू शकते.

म्हणून शेवटी तुकडा काढावा लागतो. तो मेंदूजवळूनच घ्यावा असे नाही. छातीतली गाठ, मानेतली लसीका ग्रंथी किंवा नाकातली खपली हाती लागत असेल तर ते सोपे आणि कमी धोक्याचे; पेट स्कॅन अशी सोयीची जागा दाखवून देतो. तसे काही नसेल तर न्यूरोसर्जन ड्यूराचा तुकडा काढतात. तुम्ही इंटर्न म्हणून ऑपरेशन थिएटरच्या दाराशी नमुना घ्यायला उभे असाल, तर एवढे कराच : सगळा तुकडा फॉर्मेलिनच्या बाटलीत टाकू देऊ नका. फॉर्मेलिनमध्ये जंतू आणि बुरशी मरतात, मग कल्चर करता येत नाही. एक भाग फॉर्मेलिनमध्ये आणि एक भाग सलाइनमध्ये सूक्ष्मजीवशास्त्र विभागाकडे गेला पाहिजे. आठवडाभर चाललेल्या चर्चेचे उत्तर या एका चुकीने कायमचे हरवू शकते.

पॅथॉलॉजिस्टला आयजीजी-4 च्या आजारात चटईच्या विणीसारखे फिरलेले तंतू, बुजलेल्या नीला आणि आयजीजी-4 बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींची दाटी दिसते. क्षयात दाण्यासारख्या गाठी आणि त्यांच्या मध्ये चीजसारखा मृत भाग दिसतो. बुरशी असेल तर खास रंग दिल्यावर तिचे धागे दिसतात.

उपचार

आता अंबाल्याच्या शिक्षिकांकडे परत जाऊ. उजवा डोळा अंधुक होत चालला आहे आणि क्षयाच्या कल्चरला आठवडे लागतात. दृष्टीचा तंतू एकदा सुकला की कोणत्याही औषधाने परत येत नाही. म्हणजे थांबणेही धोक्याचे आणि घाई करणेही. स्टिरॉइडने त्यांची डोकेदुखी दोन दिवसांत कमी होईल, आणि फसगत तिथेच होते. क्षयातही सुरुवातीला बरे वाटते, लिम्फोमाही तात्पुरता विरघळतो आणि नंतर काढलेल्या तुकड्यात काही सापडत नाही. बुरशी असेल तर एकट्या स्टिरॉइडने ती मोकाट सुटते. माझ्या मते योग्य क्रम असा : नाकाच्या पोकळ्या दुर्बिणीने पाहून आणि साखर तपासून बुरशीची शक्यता शक्य तितकी बाजूला करायची, एक-दोन दिवसांत तुकडा काढायचा, आणि नंतर कल्चरची वाट न पाहता, पॅथॉलॉजिस्टच्या पहिल्या मतावर उपचार सुरू करायचे.

तुकड्यात आयजीजी-4 किंवा रक्तवाहिन्यांचा दाह निघाला तर स्टिरॉइड हा पाया. दृष्टी धोक्यात असताना मिथाइलप्रेडनिसोलोन रोज 1 ग्रॅम याप्रमाणे 3 ते 5 दिवस शिरेतून देतात. त्यानंतर प्रेडनिसोलोनच्या गोळ्या, वजनाच्या दर किलोमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत, आणि मग काही महिन्यांत हळूहळू कमी. डोस उतरताना आजार उलटणे नेहमीचेच, म्हणून अझाथायोप्रिन, मेथोट्रेक्सेट किंवा मायकोफिनोलेट जोडतात. रक्तवाहिन्यांच्या दाहात सायक्लोफॉस्फामाइड किंवा रिटक्सिमॅब बहुधा सुरुवातीपासूनच लागते. रिटक्सिमॅबच्या आधी हिपॅटायटिस बी तपासलेच पाहिजे. दडून बसलेला विषाणू त्याने जागा होऊ शकतो.

क्षय निघाला तर एकेटी किमान 9 ते 12 महिने, आणि सोबत स्टिरॉइड. इथे दोन खाचखळगे आहेत. रिफॅम्पिसिनमुळे यकृत स्टिरॉइडचा लवकर निचरा करते, त्यामुळे नेहमीचा डोस अपुरा पडू शकतो. आणि इथॅम्ब्युटॉल स्वतःच दृष्टीच्या तंतूला इजा करू शकते. ज्या रुग्णाची नजर आधीच कमी आहे तिची नजर आणखी उतरली, तर आजार बळावला की औषध बाधले, हे ठरवणे कठीण जाते. म्हणून एकेटी सुरू करण्यापूर्वी दोन्ही डोळ्यांची दृष्टी आणि रंग ओळखण्याची क्षमता नोंदवून ठेवतात.

बुरशीत ॲस्परजिलसला व्होरिकोनॅझोल, म्युकरला ॲम्फोटेरिसिन, आणि कुजलेला भाग शस्त्रक्रियेने काढणे. सिफिलिसला शिरेतून पेनिसिलिन, 10 ते 14 दिवस.

मज्जारज्जूभोवतीचा ड्यूरा जाड होण्याचे वर्णन बरेच जुने आहे. ज्याँ-मार्टिन शार्को आणि अलिक्स जोफ्रुआ यांनी ते 1869 साली पॅरिसमध्ये केले. आधी मान आणि हातांत कळा, मग हातांचे स्नायू सुकणे, शेवटी पायांतले बळ जाणे असा क्रम असतो. पायांपर्यंत गोष्ट आली असेल तर फक्त औषधांवर विसंबत नाहीत. घट्ट तंतुमय झालेला ड्यूरा स्टिरॉइडने सैल होत नाही, म्हणून कण्याचे हाड काढून मज्जारज्जूवरचा दाब कमी करतात आणि त्याच वेळी तुकडाही मिळतो.

उपचार चालू असताना एमआरआयमधील जाडी पूर्ण नाहीशी होईलच असे नाही. दाह विझल्यावरही व्रण राहतो. म्हणून दर भेटीला दृष्टी, ऐकू येणे, डोळ्यांची हालचाल आणि चाल तपासायची, आणि चित्राची तुलना मागच्या चित्राशी करायची. स्टिरॉइड कमी करताना लक्षणे परत आली तर नुसता डोस वाढवण्याआधी जुना बायोप्सीचा अहवाल काढून पुन्हा वाचतात, आणि तो डळमळीत वाटला तर दुसऱ्यांदा तुकडा घेतात.