बागेचा धंदा: कागद, विमा आणि पहिला खर्च

महाराष्ट्रात बागा करून देण्यासाठी खास वेगळा परवाना नाही. लागतात ते चारचौघा धंदेवाल्यांचेच कागद. उद्यम नोंदणी ऑनलाइन होते आणि फुकट होते, एजंटाला पैसे मोजू नका. माणसं मोजकीच असतील तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली नुसती सूचना पुरते. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांपुढे गेली की जीएसटी. नुसतं रोप विकलं तर कर शून्य, बाग करून दिली तर १८ टक्के. कोटेशन देताना इथेच गडबड होते.

शहरात झाड तोडायचं असेल तर १९७५ च्या कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आधी हवी, मग सोसायटीचे चेअरमन काहीही म्हणोत.

विम्याकडे मात्र सगळे काणाडोळा करतात. ब्रश कटरखालचा खडा उडतो, पार्किंगमधल्या गाडीची काच फुटते आणि भरपाई माळ्याच्या पगारातून कापली जाते! त्यासाठी पब्लिक लायबिलिटी पॉलिसी घ्या, माणसांसाठी कामगार भरपाईची. शिवाय वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं अपघाती संरक्षण देणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहेच. बँक खातं तेवढं हवं.

हत्यारांना फार पैसा लागत नाही. भांडवल अडकतं ते लाल माती, शेणखत, लॉन आणि रोपांत. म्हणून निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी, टेम्पो सुरुवातीला भाड्याचाच बरा. कमी पडलं तर मुद्रा कर्ज आहे.