आधी जागा, मग ससा

मुलांच्या हट्टापायी घरात ससा येतो आणि त्याच्याबरोबर दुकानातला तारेचा लहानसा पिंजराही येतो. वास्तविक तो पिंजरा विक्रीच्या सोयीसाठी केलेला असतो. आठ-दहा वर्षे जगणाऱ्या प्राण्याचे ते घर होऊ शकत नाही.

सशाला सलग तीन-चार उड्या मारता याव्यात, अंग ताणून पहुडता यावे आणि मागच्या पायांवर उभे राहिल्यास कान छताला टेकू नयेत, ही जागेची साधी कसोटी होय. ब्रिटनमध्ये सशांच्या जोडीसाठी ३ मीटर लांब, २ मीटर रुंद व १ मीटर उंच जागेची शिफारस केली जाते. आपल्या सदनिकेत एवढा पिंजरा मावणे कठीण. मात्र खोलीचा एक भाग जाळीच्या कुंपणाने अडवता येतो. पहाट आणि तिन्हीसांज या सशाच्या बागडण्याच्या वेळा. तेव्हा त्याला खोलीभर मोकळे सोडावे. विजेच्या तारा तेवढ्या उचलून ठेवाव्यात, कारण दिसेल ते कुरतडणे हा त्याचा स्वभावच आहे.

तळाकडे विशेष लक्ष द्यावे. सशाच्या तळपायांना कुत्र्या-मांजरांसारख्या गाद्या नसतात, केवळ केसांचे आच्छादन असते. तारेच्या जाळीवर सतत बसून तळवे सोलवटतात व जखमा चिघळतात. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात. म्हणून सतरंजी अंथरावी आणि त्यावर भरपूर वाळलेले गवत पसरावे.

आपल्याकडे खरा शत्रू उन्हाळा. सशाला माणसासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता मुख्यतः कानांवाटे बाहेर पडते. तापमान ३० अंशांपुढे गेले की उष्माघाताचा धोका वाढतो, आणि विदर्भात तर पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. अशा वेळी पत्र्याचे छप्पर किंवा पश्चिमेची गच्ची जीवघेणी ठरते. घरातला सर्वांत गार, हवेशीर कोपरा त्याला द्यावा. शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली गार पाण्याची बाटली ठेवावी.

ससा मूळचा भित्रा. लपण्यासाठी दोन दारांचे खोके दिल्यास तो निर्धास्त राहतो. मलमूत्राची जागा रोज स्वच्छ करावी. साचलेल्या मूत्रातील अमोनियाचा त्रास त्याच्या श्वासाला होतो, तसा घरातल्या मुलांनाही होतो. सफाईनंतर साबणाने हात धुवावेत.

ससा आपले दुखणे लपवतो. अडचणीच्या जागेबद्दल तो तक्रार करणार नाही. तेव्हा पुढच्या वेळी मुलांनी हट्ट धरला, तर प्रथम त्यांच्या हाती मोजपट्टी द्यावी. जागा मिळाली, तरच ससा आणावा.