घरी चालतं, सर्व्हरवर अडतं

वाशीमवर, म्हणजे वाकाटकांच्या वत्सगुल्मावर, कुणी स्वतःची वेबसाइट केली, की १२७.०.०.१ या पत्त्यावर ती आधी त्याच्याच संगणकावर उघडते. पण तेवढी चाचणी अपुरी. फाइलच्या नावातलं इंग्रजी अक्षर मोठं की छोटं, हा फरक विंडोज सहसा करत नाही. लिनक्स सर्व्हर काटेकोरपणे करतो. म्हणून नावात असा फरक राहिला, तर घरी दिसणारा वाशीमच्या पद्मतीर्थाचा फोटो तिथं गायब होतो. ‘आधी टाकू, मग सुधारू’ हे मजकुरापुरतं ठीकच आहे. पण चुकून राहिलेला फोन नंबर सर्च इंजिननं टिपला, की तो पुसणं आपल्या हाती राहत नाही. त्यापेक्षा पान खऱ्या सर्व्हरवर पासवर्डच्या आड ठेवावं आणि साध्या मोबाइलवर, जिल्ह्यातल्या रिसोड-मानोऱ्याकडच्या नेटवर उघडून पाहावं. ‘वत्सगुल्म’मधली ‘त्स’, ‘ल्म’ ही जोडाक्षरं धड उमटतात का, तेही तिथंच कळतं.