पहिली भेट झाली, दुसरीचं काय? यवतमाळ जिल्ह्यातील मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्ती सेवा

आजचा विषय आहे यवतमाळ जिल्ह्यात मानसिक आरोग्याच्या आणि व्यसनमुक्तीच्या सेवा कशा वाढवायच्या. सेवा वाढवायच्या म्हटलं की डोळ्यांसमोर आधी इमारत येते. नवा वॉर्ड, आणखी खाटा, आणखी एक मानसोपचारतज्ज्ञ. हे सगळं हवंच आहे. पण आज आम्ही आपल्यापुढे एक साधा प्रश्न ठेवणार आहोत: एकदा आलेला माणूस दुसऱ्यांदा येतो का? सेवा खरोखर वाढली की नाही, हे त्या दुसऱ्या भेटीवरून मोजावं, असं आमचं म्हणणं आहे.

आधी जिल्हा बघू. १६ तालुके, साडेतेरा हजार चौरस किलोमीटरचा पसारा आणि २०११ च्या जनगणनेनुसार २७ लाख ७२ हजार लोकसंख्या. चारातले तीनहून अधिक लोक खेड्यात राहतात. उमरखेड किंवा वणीहून यवतमाळला यायचं तर शंभरेक किलोमीटरचा प्रवास. कापूस आणि सोयाबीन ही मुख्य पिकं. पण जिल्हा आता नुसता शेतीचा राहिलेला नाही. वणीकडे कोळसा खाणी आहेत, मुकुटबनला सिमेंटचा कारखाना आहे, वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गाचं काम चाललंय आणि त्यातला वर्धा ते कळंब हा टप्पा २०२४ मध्ये सुरू झाला. अशा कामांसोबत बाहेरगावचे मजूर येतात, ट्रकचालक येतात. त्यांचं नाव गावातल्या आशाताईंच्या यादीत नसतं.

आता लोक दवाखान्यात येऊन काय सांगतात? ‘मला नैराश्य आलंय’ असं क्वचितच कोणी म्हणतं. झोप लागत नाही, डोकं जड आहे, छातीत धडधडतं, कामात मन लागत नाही, टेन्शन आहे. झोप लागावी म्हणून रात्री दारू, दिवसभर तोंडात खर्रा. दारूने झोप मोडते, सकाळी काम होत नाही, पैसे जातात, घरात भांडण होतं आणि टेन्शन वाढतं. हे एकच चक्र आहे. म्हणून ‘शेतकरी कर्जाने खचतो की दारूने?’ हा वाद आम्हाला फार उपयोगाचा वाटत नाही. आपल्याकडे शेतकरी आत्महत्येनंतर एक लाखाची मदत देताना नापिकी, थकलेलं कर्ज आणि वसुलीचा तगादा हे निकष पाहून प्रकरण पात्र की अपात्र ते ठरतं. अशा वेळी आजार किंवा दारूबद्दल मोकळेपणी बोलणं घरच्यांना जड जाणारच. दवाखान्याने मात्र कर्ज, झोप आणि दारू हे तिन्ही प्रश्न एकाच टेबलावर विचारायला हवेत. मनाचा डॉक्टर एका वारी आणि व्यसनमुक्तीचा दुसऱ्या वारी असं केलं, तर मजुरी बुडवून दोनदा कोण येणार?

हे जमतं का? जमतं, आणि उदाहरणं जवळचीच आहेत. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम झाला. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन बोलायचं, गरज पडली तर समुपदेशक आणि पुढे डॉक्टर, अशी ती साखळी होती. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी फक्त ४.३ टक्के लोक मदत घेत होते. १८ महिन्यांनी ते प्रमाण २७.२ टक्के झालं. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये अपायकारक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी साध्या, प्रशिक्षित समुपदेशकांनी जास्तीत जास्त चार बैठकांत बोलून पाहिलं. तीन महिन्यांनी त्यांच्यातले ३६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले. नेहमीचीच सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होतं. चमत्कार नाही, पण दर शंभरात दहा जण जास्त. आणि लक्षात घ्या, बैठका एकाहून जास्त होत्या.

सर्वांत महत्त्वाचा पुरावा आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्यांचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत अभ्यास केला, त्यात आपलं चेन्नई होतं. घरी जाताना तासभर नीट बोलायचं आणि पुढच्या १८ महिन्यांत नऊ वेळा फोनवर किंवा भेटून विचारपूस करायची, एवढंच. ज्यांची अशी विचारपूस झाली त्यांच्यात आत्महत्येने मृत्यूचं प्रमाण ०.२ टक्के राहिलं, बाकीच्यांत २.२ टक्के. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम ११५ हेच सांगतं. असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं धरायचं, आणि पुन्हा तसं होऊ नये म्हणून काळजी, उपचार व पुनर्वसन देणं हे सरकारचं कर्तव्य आहे. तेव्हा डिस्चार्ज कार्ड हातात दिलं की जबाबदारी संपली, असं कायद्यानेही होत नाही.

मग दुसरी भेट हुकते कुठे? नैराश्याच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही पडला की माणूस म्हणतो, औषध लागू पडत नाही, आणि गोळ्या बंद करतो. हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं. फवारणी आणि कापूस वेचणीच्या दिवसांत कोणाला सवड नसते. ठरलेल्या वारी डॉक्टर आले नाहीत, तर शंभर किलोमीटरवरून आलेला माणूस परत येत नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम दारू तोडली, तर दोन-तीन दिवसांत झटके किंवा भ्रम होऊ शकतो. घरचे घाबरतात, ‘दारू सोडल्यानेच बिघडला’ म्हणतात आणि पुन्हा पाजतात. आणि महिन्याभराने परत प्यायलेला माणूस लाजेनेच दवाखान्याची पायरी चढत नाही.

उपायही मोठे अवघड नाहीत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची एक टीम १६ तालुक्यांत फिरते असं धरलं, तर महिन्यातून एका तालुक्याच्या वाट्याला एखाददुसरा दिवसच येणार. म्हणून मधले दिवस सांभाळणारी माणसं हवीत. २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्प आला. त्यात आशांनी घरोघरी जाऊन ताणाची लक्षणं विचारली. शोधण्याची सवय लागली, ही जमेची बाजू. पुढचं पाऊल म्हणजे शोधलेल्याच्या मागे राहणं. त्यासाठी आशाताईंना प्रत्येक पाठपुराव्याचा वेगळा मोबदला मिळावा, कारण हे काम फुकट होत नाही. गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रातच मिळाव्यात. डॉक्टरांचा वार ठरलेला असावा, तो बदलला तर फोन जावा. कोलाम पोडांवर कोलामी आणि तांड्यांवर बंजारा बोलणारी व्यक्ती असावी. खाणी आणि बांधकामांच्या ठिकाणी संध्याकाळी कामावरून सुटायच्या वेळी बसणारा समुपदेशक असावा. नवरा यायला तयार नसला तरी बायकोला मदत मिळावी, कारण सोसते तीच. आणि नावं गुप्त राहावीत. गावात बोभाटा झाला की दुसरी भेट संपलीच.

काही जण विचारतील, दारूबंदीच केली तर? शेजारच्या वर्ध्यात बंदी आहे, चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. बंदीच्या बाजूने आणि विरोधात बोलण्यासारखं पुष्कळ आहे. पण बंदी असो वा नसो, ज्याचे हात सकाळी थरथरतात त्याला उपचार लागतोच. गडचिरोलीत बंदी १९९३ पासून आहे, तरीही २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘मुक्तिपथ’ने तालुक्यांत व्यसन उपचाराची सोय केलीच ना.

तेव्हा पुढच्या वेळी ‘या वर्षी इतके रुग्ण तपासले’ असा आकडा ऐकलात, तर एवढंच विचारा: त्यांतले परत किती आले, आणि जे आले नाहीत त्यांच्या घरी कोण गेलं? आणि आज रात्री कोणाला बोलावंसं वाटलं, तर ‘टेलीमानस’चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत आणि मराठीत उपलब्ध आहे. तो लिहून ठेवा.