आधी तबकडी पाहा, मग यंत्र घ्या

जुन्या घराची वाटणी होते, माळा रिकामा होतो आणि लोखंडी पेटीतून दादाजानच्या तबकड्या निघतात. इस्माईल आझाद, हबीब पेंटर, शंकर-शंभू, शकीला बानो भोपाली यांच्या कव्वाल्या. एखादी नात, एखादी किरअत, बेगम अख्तर यांच्या गझला. वाशिम असो, कारंजा असो की मंगरुळपीर, भंगारवाला त्या वजनावर मागतो. मुले म्हणतात, ठेवू या, ऐकू या. मग प्रश्न येतो यंत्राचा आणि खिशाचा. संगीत ऐकावे की नाही, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. तो निर्णय ज्याच्या त्याच्या घराचा. ज्यांनी ऐकायचे ठरवले, त्यांच्यासाठी आम्ही हे लिहीत आहोत.

पहिली गोष्ट, दुकानाकडे जाण्याआधी पेटी उघडा आणि तबकड्यांच्या दोन राशी करा. जड, हातातून पडली तर काचेसारखी फुटणारी तबकडी लाखेची. ती मिनिटाला ७८ फेरे घेते आणि एका बाजूला तीनेक मिनिटे वाजते. म्हणूनच लांब कव्वाली दोन बाजूंत वाटलेली असते. आपल्याकडे साधारण १९७०पर्यंत अशा तबकड्या निघत होत्या. 'अल हिलाल' (१९५८) या चित्रपटातल्या कव्वालीने इस्माईल आझाद घरोघर पोहोचले, तो काळ याच तबकड्यांचा. दुसरी तबकडी हलकी, किंचित वाकणारी, विनाइलची. मोठी एलपी १९४८ मध्ये अमेरिकेत आली. ती मिनिटाला सव्वातेहतीसच्या आसपास, म्हणजे ३३⅓ फेरे घेते. लहान तबकडी बहुधा ४५ फेऱ्यांची.

ही विभागणी महत्त्वाची, कारण दोन्हींच्या खाचा सारख्या नसतात. ७८च्या तबकडीची खाच रुंद. तिच्या सुईचे टोक एलपीच्या सुईपेक्षा तीन-चार पट जाड लागते. एलपीची बारीक सुई त्या खाचेत तळाशी घसरते आणि आवाजाऐवजी खरखर देते. उलट, चावीच्या जुन्या ग्रामोफोनची पोलादी पिन एलपीवर ठेवली, तर एकदाच वाजवण्यात तबकडी बरबाद होते.

आता यंत्रे पाहू. सर्वांत स्वस्त मिळते ते सूटकेससारखे, स्पीकर आतच बसवलेले. त्यावर बहुधा ३३, ४५ आणि ७८ असे तिन्ही वेग असतात, पण सुई मात्र एकच, बारीक. म्हणजे ७८चे बटण आहे एवढ्यावर समाधान मानू नका. अशा यंत्रांत सुईचा भार पाच ग्रॅमच्या आसपास असतो. चांगल्या यंत्रात तो दोन-तीन ग्रॅमच असतो. जास्त भार रोज खाच झिजवतो. बाजारातून घेतलेली साधी तबकडी ऐकायला ते चालेल, घरातली शेवटची प्रत वाजवायला नको.

फक्त एलपी आणि ४५च्या तबकड्या असतील, तर पट्ट्यावर फिरणारे साधे टर्नटेबल घ्यावे. ऑडिओ-टेक्निकाचे एलपी६०एक्स हे त्याचे उदाहरण. ते स्वतः सुई ठेवते, स्वतः उचलते, त्यामुळे लहान मुलांच्या घरातही धोका कमी. सुईतून येणारा विजेचा अतिशय क्षीण संकेत वाढवणारी सोय त्यातच आहे, म्हणून घरच्या होम थिएटरला सरळ जोडता येते. पण त्यावर ७८चा वेग नाही. तो हवा असेल तर त्याच कंपनीचे एलपी१२०एक्स, आणि सोबत ७८साठीची वेगळी सुई. हे खर्चाचे काम आहे. चार तबकड्यांसाठी एका घराने एवढा पैसा घालणे इसराफच. मोहल्ल्यातली चार घरे मिळून किंवा एखादे वाचनालय असे यंत्र घेऊ शकते.

एचएमव्हीचा जुना फिएस्टा घरात असेल किंवा मुंबईच्या चोर बाजारातून जुने यंत्र घ्यायचे असेल, तर आधी त्याची सुई आजही मिळते का ते विचारा. आतले रबर कडक झालेले नसावे, आवाज लहरत नसावा. घासलेल्या सुईचे यंत्र फुकट मिळाले तरी महाग. सौदीहून कोणी जुने टर्नटेबल आणत असेल, तर आणखी एक सावधगिरी. तिथली वीज ६० हर्ट्झची, आपली ५०ची. विजेच्या लहरींवर चालणाऱ्या जुन्या मोटारीचा वेग इथे सहावा हिस्सा कमी होतो आणि कव्वालाचा आवाज जाड, रेंगाळल्यासारखा येतो. अडॅप्टरवर चालणाऱ्या नव्या यंत्रांना सहसा ही अडचण नसते.

तबकड्या उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका. आपल्याकडचा मे महिना पत्र्याखालच्या माळ्यावर विनाइल वाकवतो. लाखेच्या तबकडीला स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावू नका, लाख विरघळते. मऊ कोरड्या कापडाने, खाचेच्या दिशेने पुसा.

आणि यंत्र कोणतेही घ्या, पहिले काम एक करा. चांगल्या सुईवर प्रत्येक तबकडी एकदा वाजवून तिचा आवाज संगणकात उतरवून घ्या. मग रोजचे ऐकणे मोबाईलवर होऊ द्या आणि तबकडी ईद-बकरीदेला काढा. पुण्यात, दुबईत गेलेल्या भावंडांनाही ती नात पाठवता येईल. वाटणीत घर एकाला आणि शेत दुसऱ्याला जाते. आवाज मात्र सगळ्यांना पुरा मिळू शकतो. त्यासाठी यंत्र महागडे लागत नाही, सुई चांगली लागते.