झटक्यानंतरचा पहिला प्रवास

अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला, चार-पाच दिवसांत रुग्णाला घरी सोडले. भेटायला येणाऱ्यांची वर्दळ आठवडाभर राहते. 'जिवावरचे शेपटावर निभावले' असे म्हणत सगळे आपापल्या कामाला लागतात आणि मग घर शांत होते. झटका येऊन गेलेला माणूस पहाटे तीनला जागा होतो, ताटातले निम्मे अन्न तसेच ठेवतो, वर्तमानपत्राची घडी दुपारपर्यंत मोडत नाही. दोन महिन्यांनी नागपूरला भाच्याचे लग्न असते. 'तुम्ही सगळे जाऊन या, मी घरीच बरा' असे उत्तर मिळते. घरच्यांना वाटते, थकवा असेल, आराम करू द्यावा.

पुष्कळदा तो थकवा नसतो. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांपैकी साधारण पाचांतील एकाला वैद्यकीय अर्थाने तीव्र नैराश्य येते. सौम्य लक्षणे असणारे याहून अधिक. माँट्रियल येथे २२२ रुग्णांवर झालेला आणि १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या विषयात महत्त्वाचा मानला जातो. नैराश्य असलेल्या रुग्णांमध्ये पहिल्या सहा महिन्यांतील मृत्यूचे प्रमाण इतरांच्या कित्येक पट आढळले होते. २०१४ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने नैराश्याची गणना अशा रुग्णांसाठी धोका वाढविणाऱ्या घटकांत करावी, अशी शिफारस केली.

याचे एक कारण अगदी घरगुती आहे. उदास माणूस गोळ्या चुकवतो, चालायला जात नाही, सोडलेली सिगारेट पुन्हा ओढतो. दुसरे कारण शरीरातले. सततच्या ताणाने संप्रेरकांचा तोल ढळतो, रक्तातील बिंबिका अधिक चिकट होतात, दाह वाढतो.

उपचार आहेत. सर्ट्रालिन हे औषध झटक्यानंतर सुरक्षितपणे देता येते, असे २००२ मध्ये ३६९ रुग्णांवरील चाचणीत दिसले. नैराश्यावरील काही जुनी औषधे मात्र हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करीत असल्याने या रुग्णांना टाळली जातात. नव्या औषधांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात आणि ॲस्पिरिनसारख्या गोळ्यांबरोबर ती घेताना रक्तस्रावाची शक्यता थोडी वाढते, म्हणून मनोविकारतज्ज्ञांना हृदयाच्या गोळ्यांची यादी दाखवावी. समुपदेशनाचाही मनाला उपयोग होतो. त्याने आयुष्य वाढते काय, याचे उत्तर तितके सरळ नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे अडीच हजार रुग्णांच्या चाचणीत नैराश्य कमी झाले, मृत्यूचे प्रमाण घटले नाही. पण उरलेली वर्षे भिंतीकडे तोंड करून काढायची नसतील, तर एवढा लाभही पुरेसा आहे.

नकारामागची दोन कारणे

या रुग्णांत मधुमेही मोठ्या संख्येने असतात आणि त्यांतले काही इन्सुलिनवर असतात. 'इन्सुलिन घेऊन कुठे फिरू?' हा त्यांचा प्रश्न खरा असतो. कधी कधी तो उदासीनतेवरचा पडदाही असतो. दोन्ही वेगळे करण्याचा सोपा मार्ग म्हणजे इन्सुलिनची अडचण आधी दूर करणे.

न वापरलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवायचे असते. वापरात असलेले पेन किंवा बाटली मात्र बहुतेक प्रकारांत साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानात टिकते. नेमकी मुदत व तापमान खोक्यातील पत्रकावर असते. म्हणजे दोन दिवसांच्या लग्नासाठी शीतपेटीची गरज नाही. मात्र नागपूरचा मे महिना म्हणजे 'खोलीचे तापमान' नव्हे. तेथे ओल्या कापडात गुंडाळलेले मातीचे भांडे किंवा पाण्यात भिजवून वापरायची थंड पिशवी उपयोगी पडते. थर्मासमध्ये बर्फ घातल्यास इन्सुलिन त्याला थेट टेकू देऊ नये. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावरही निकामीच असते. उन्हात उभ्या मोटारीत ते ठेवणे तितकेच वाईट.

विमानाने जाताना इन्सुलिन, सुया आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत ठेवावी, सामानात देऊ नये. सामान हरवू शकते आणि खालच्या कप्प्यात ते गोठण्याचा संभव असतो. अमेरिकेत मुलाकडे निघालेल्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या पुष्कळदा मिलिलीटरला ४० युनिटच्या असतात, तिकडे १०० च्या. ४० च्या लाल टोपणाच्या सिरिंजने तिकडच्या बाटलीतून दहा युनिट घेतले, तर प्रत्यक्षात पंचवीस युनिट शरीरात जातात. घड्याळ कित्येक तासांनी बदलते तेव्हा मात्रा कशी विभागायची, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे.

गाडीत जेवण 'येतच आहे' म्हणून आधी इंजेक्शन टोचून बसू नये. ज्यांना जेवणाच्या अर्धा तास आधी ते घ्यावे लागते त्यांनी घरचा डबा जवळ ठेवावा.

मध्यरात्री बर्थवर छातीत धडधडले, घाम फुटला, की तिन्ही भीती एकदम उभ्या राहतात. पुन्हा झटका? घबराट? की साखर उतरली? लक्षणे इतकी सारखी की अंदाज बांधण्यात अर्थ नाही, ग्लुकोमीटरने तपासावे. साखर ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. झटक्यानंतर दिल्या जाणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्यांमुळे धडधड आणि थरथर झाकली जाते, घाम मात्र येतो. साखर ठीक असूनही अस्वस्थता राहिली, तर ती हृदयाची समजूनच तातडीने मदत मागावी. मधुमेहींना झटका छातीत न दुखताही येतो.

एवढी तयारी होऊनही माणूस 'नकोच' म्हणत असेल, तर घरच्यांनी दोन प्रश्न विचारावेत. गेले दोन आठवडे बहुतेक दिवस मन खिन्न असते काय? आवडीच्या गोष्टींत रस उरला नाही काय? एकाचेही उत्तर 'हो' आले, तर ते हृदयरोगतज्ज्ञांना पुढच्या भेटीची वाट न पाहता सांगावे. डॉक्टर बहुधा स्वतःहून विचारत नाहीत आणि रुग्ण सांगत नाही. जगणे नकोसे झाल्याची भाषा असेल तर त्याच दिवशी. २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेलिमानस'च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही विनाशुल्क बोलता येते.

तिकीट काढताना खालचा बर्थ मागावा. जिभेखालची गोळी आणि साखरेची पुडी सदऱ्याच्या खिशात असावी, बर्थखालच्या बॅगेत नव्हे. आणि ती कोणत्या खिशात आहे, हे सोबत्याला ठाऊक असावे.