मर्दन, कंपन आणि ऊब : विद्युत् मर्दनयंत्राची रचना

५ ऑगस्ट १९०५ रोजी बंगळूर शहरात विजेचे दिवे प्रथम लागले. ही वीज कावेरी नदीवरील शिवनसमुद्र येथील प्रपातापासून येत होती. म्हैसूर संस्थानचे दिवाण सर के. शेषाद्री अय्यर यांच्या पुढाकाराने उभारलेल्या या केंद्रातून १९०२ सालापासून सुमारे १४७ किलोमीटर अंतरावरील कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज पुरविली जात असे. खाणीतील पंप व यारी यांच्यासाठी आणलेली ही शक्ती तीन वर्षांनी शहरातील रस्ते उजळू लागली. याच वीजशक्तीकडून पुढे तेल लावून अंग रगडणाऱ्या हातांचे आणि शेगडीवर तापविलेल्या विटेचेही काम करवून घेता येईल, ही गोष्ट त्या वेळी दिवे पाहावयास जमलेल्या लोकांपैकी क्वचितच कोणाच्या मनात आली असेल.

मर्दनाच्या जोडीला उष्णता द्यावी हा विचार आपल्याकडे नवीन नाही. आयुर्वेदात अभ्यंग आणि स्वेदन यांचा क्रम ठरलेला आहे. आधी अंगाला तेल चोळावयाचे आणि मग घाम येईल अशा रीतीने शरीरास ऊब द्यावयाची. चरकसंहितेत अग्नीच्या साहाय्याने करावयाच्या स्वेदनाचे तेरा प्रकार आणि अग्नीवाचून होणाऱ्या स्वेदनाचे दहा प्रकार सांगितले आहेत. महाराष्ट्रातील घरोघरी बाळंतिणीला मिळणारा शेक, पाठ धरली असता दिली जाणारी मिठाची गरम पुरचुंडी, किंवा फडक्यात गुंडाळलेली तापलेली वीट ही त्याच परंपरेची घरगुती रूपे होत. या सर्व उपायांत एक गोष्ट समान आहे : शेक देणारी व्यक्ती आपला हात आधी त्या पुरचुंडीला लावून पाहते. उष्णता मोजण्याचे साधन तिच्या तळहातात असते. विद्युत् मर्दनयंत्र बनविणाऱ्यांपुढील खरी अडचण या तळहाताला पर्याय शोधण्याची होती. ती कशी सुटत गेली, हे पाहण्यासाठी यंत्राचे तीन भाग वेगवेगळे विचारात घेणे सोयीचे होईल : कंपन निर्माण करणारा भाग, उष्णता निर्माण करणारा भाग आणि या दोहोंवर लगाम ठेवणारा भाग.

कंपन कसे निर्माण होते

यंत्राने मर्दन करण्याचे प्रयत्न विजेच्या आधीपासून झालेले आहेत. स्वीडनमधील डॉ. गुस्ताफ झांडर यांनी १८६५ साली स्टॉकहोम येथे व्यायाम व मर्दन यांच्या यंत्रांची एक संस्था काढली. न्यूयॉर्कचे डॉ. जॉर्ज टेलर यांनी १८६९ साली वाफेवर चालणाऱ्या मर्दनयंत्राचे एकस्व मिळविले. अशा यंत्रांना वाफेचे एंजिन लागे आणि त्यामुळे रोग्यालाच यंत्राकडे जावे लागे. यंत्र रोग्याच्या बिछान्यापाशी नेता येऊ लागले ते विजेमुळे. लंडनचे डॉ. जोसेफ मॉर्टिमर ग्रॅनव्हिल यांनी १८८०नंतरच्या दशकाच्या आरंभी विद्युत्-घटांवर चालणारे, हातात धरावयाचे ठोकेयंत्र वापरात आणले आणि १८८३ साली त्या विषयावर ग्रंथ लिहिला. मज्जातंतूंच्या व स्नायूंच्या वेदनांवर आपल्या यंत्राचा उपयोग व्हावा, असा त्यांचा हेतू होता.

विजेपासून कंपन मिळविण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. पहिल्या प्रकारात एका लहानशा मोटरीच्या आसाला एका बाजूस जड असा तुकडा बसविलेला असतो. आस फिरू लागला की हा तुकडा मोटरीला आळीपाळीने सर्व दिशांना ओढू पाहतो. हे ओढ लावणारे केंद्रोत्सारी बल किती असते याचा हिशेब सोपा आहे. समजा, तुकड्याचे वजन १० ग्रॅम असून तो आसापासून ५ मिलिमीटर अंतरावर आहे आणि आस सेकंदाला ५० फेरे करीत आहे. तर तो तुकडा सुमारे अर्धा किलोग्रॅम वजनाइतकी ओढ लावील. फेऱ्यांची संख्या दुप्पट केली तर ओढ दुप्पट न होता चौपट, म्हणजे सुमारे दोन किलोग्रॅम वजनाइतकी होते. म्हणूनच अशा यंत्रात गती थोडीशी वाढविली तरी धक्का एकदम तीव्र झाल्यासारखा वाटतो.

दुसऱ्या प्रकारात मोटर नसते. तारेच्या वेटोळ्यातून प्रत्यावर्ती प्रवाह नेऊन विद्युत्-चुंबक तयार करतात व त्याच्यासमोर स्प्रिंगवर टांगलेला लोखंडी तुकडा ठेवतात. प्रवाह एका आवर्तनात दोनदा, म्हणजे एकदा एका दिशेने व एकदा उलट दिशेने, कमाल मूल्य गाठतो. लोखंडाला चुंबकाचे कोणतेही टोक सारखेच ओढून घेते. त्यामुळे एका आवर्तनात तुकडा दोनदा ओढला जातो. सेकंदाला ५० आवर्तनांच्या पुरवठ्यावर असे यंत्र १०० कंपने करते. अमेरिकेतील ६० आवर्तनांच्या पुरवठ्यावर तेच १२० कंपने करील. विजेच्या आरंभीच्या काळात निरनिराळ्या ठिकाणचा पुरवठा निरनिराळ्या आवर्तनांचा असे. १८९५ साली सुरू झालेल्या नायगारा येथील केंद्रातून २५ आवर्तनांचा प्रवाह मिळत असे. तेथे या यंत्राची कंपने ५० वर आली असती. एका देशासाठी केलेले यंत्र दुसऱ्या देशात नीट चालेना याचे एक कारण यात आहे. स्प्रिंग व तुकडा यांची जोडी ठराविक कंपनसंख्येलाच उत्तम साथ देते. ती संख्या बदलली की झोका लहान होतो. यंत्र अंगावर जोराने दाबले असताही झोका लहान होतो. जास्त दाबले म्हणजे जास्त गुण येतो, ही समजूत या प्रकारच्या यंत्राला तरी लागू पडत नाही.

उष्णता कशी निर्माण होते

तारेतून प्रवाह गेला की ती तापते, हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ज्ञात होते. अडचण तारेची होती. लोखंडाची तार तापली की हवेतील ऑक्सिजनाने गंजून झिजते व तुटते. प्लॅटिनमची तार टिकते, परंतु तिची किंमत परवडणारी नसते. यासाठी आरंभी विजेचे दिवेच उष्णतेसाठी वापरले गेले. अमेरिकेतील बॅटल क्रीक येथील डॉ. जॉन हार्वे केलॉग यांनी आतल्या बाजूने दिवे लावलेली पेटी तयार केली होती. तिच्यात बसलेल्या माणसाला दिव्यांच्या उष्णतेने घाम येत असे. कार्बनच्या तंतूचा दिवा प्रकाश थोडा व उष्णता फार देतो. हा त्याचा दोष येथे गुण ठरला.

बंगळुरात दिवे लागले त्याच सुमारास अमेरिकेत अल्बर्ट मार्श निकेल व क्रोमियम यांच्या मिश्रधातूवर काम करीत होते. १९०६ साली त्यांना तिचे एकस्व मिळाले. नायक्रोम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मिश्रधातूच्या तारेवर तापल्यावर क्रोमियम ऑक्साइडाचा पातळ थर बसतो आणि तो आतील धातूचे रक्षण करतो. शिवाय तिचा विद्युत्-रोध तांब्याच्या रोधाच्या साठपटींहून अधिक असतो. आजची इस्त्री, शेगडी आणि मर्दनयंत्रातील तापक यांचा उगम या शोधात आहे.

मर्दनयंत्राला उष्णता थोडीच लागते. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर ४० वॉटचा तापक करावयाचा असेल, तर त्याचा रोध सुमारे १,३०० ओहम असावा लागतो. एक दशांश मिलिमीटर जाडीची नायक्रोमची तार घेतली तर तिची लांबी साडेनऊ मीटरच्या आसपास भरते. केसाएवढी बारीक अशी एवढी लांब तार तळहातावर मावेल अशा चकतीत बसविण्यासाठी ती अभ्रकाच्या पातळ पत्र्यावर गुंडाळीत व वरखाली अभ्रकाचे आणखी पत्रे घालीत. अभ्रकातून वीज जात नाही आणि उष्णतेने ते जळत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगातील पत्री अभ्रकाचा फार मोठा भाग भारतातून, विशेषतः आज झारखंडात असलेल्या कोडर्मा भागातून जात असे. या पुडीवर अॅल्युमिनियमची चकती बसविली की उष्णता सर्वत्र सारखी पसरते आणि एखादाच बिंदू भाजण्याइतका तापण्याचा धोका कमी होतो.

दोहोंची जोड

कंपन आणि ऊब या दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे साधल्यानंतर त्या एका मुठीत बसविणे सोपे असेल असे वाटते. प्रत्यक्षात ती दोन्ही एकमेकांची वैरी आहेत. सेकंदाला शंभर धक्के बसत असले की तासाभरात ते साडेतीन लाखांवर जातात. तापलेली बारीक तार, विशेषतः जेथे ती जाड तारेला जोडलेली असते तेथे, या धक्क्यांनी थकून तुटते. म्हणून तापक घट्ट दाबून बसवावा लागतो आणि त्याला वीज पोचविणाऱ्या तारा अनेक बारीक तंतूंच्या, लवचीक अशा घ्याव्या लागतात. दुसरा शत्रू तेल होय. मर्दनाचे तेल फटींतून आत झिरपते आणि तेल व उष्णता मिळून नैसर्गिक रबराचे आवरण फुगते, चिकट होते व शेवटी तडकते. तिसरा शत्रू घाम. कोरडी त्वचा विजेला बराच विरोध करते, परंतु घामाने भिजलेल्या शरीराचा रोध एक ते दोन हजार ओहमपर्यंत उतरू शकतो. अशा वेळी २३० व्होल्टचा स्पर्श झाला तर शंभराहून अधिक मिलिअँपिअर प्रवाह शरीरातून वाहील. सुमारे दहा मिलिअँपिअर प्रवाहाने मूठ सुटत नाहीशी होते आणि त्याच्या काही पटींचा प्रवाह हृदयाचे ठोके बिघडवू शकतो, हे ध्यानात घेतले म्हणजे धोक्याची कल्पना येईल.

धातूच्या मुठीची आरंभीची यंत्रे या दृष्टीने फार असुरक्षित होती. लिओ बेकलँड यांनी १९०७ साली शोधलेल्या बॅकेलाइटमुळे वीज न वाहणारी मूठ करणे शक्य झाले. पुढे धातूचा उघडा भाग जमिनीशी जोडणे, किंवा विद्युत्-रोधक आवरणांचे दोन स्वतंत्र थर देणे, असे नियम रूढ झाले. भारतात घरगुती विद्युत् उपकरणांच्या सुरक्षिततेच्या बाबतीत ३०२ क्रमांकाचे भारतीय मानक हे मुख्य मानक होय. बंगळुरातच १९६० साली स्थापन झालेल्या केंद्रीय विद्युत् संशोधन संस्थेत विद्युत्-सामग्रीची तपासणी चालते.

लगाम

आता मूळ प्रश्नाकडे वळू. शेक देणाऱ्या हाताला पर्याय कोणता? तो आहे द्विधातुपट्टी. पितळ आणि इन्व्हार या दोन धातूंच्या पट्ट्या एकमेकींना घट्ट जोडतात. शार्ल एदुआर गियोम यांनी १८९६ साली शोधलेला इन्व्हार हा निकेल-पोलादाचा प्रकार तापला असता जवळजवळ प्रसरण पावत नाही, पितळ मात्र त्याच्या पंधरा-वीस पट प्रसरण पावते. त्यामुळे तापलेली जोडपट्टी इन्व्हारच्या बाजूस वाकते व तिच्या टोकाशी असलेला विजेचा संपर्क सुटतो. थंड झाली की सरळ होऊन संपर्क पुन्हा जुळतो. पट्टीचा संपर्क कधी वितळून चिकटला तर काय, या शंकेला उत्तर म्हणून चांगल्या यंत्रांत एक वितळतारही असते. ती एकदा वितळली की यंत्र कायमचे बंद पडते. यंत्र बिघडल्याची ग्राहकाची तक्रार पुष्कळदा अशाच वेळी येते. वस्तुतः त्या यंत्राने आपले शेवटचे काम चोख बजावलेले असते.

पट्टी कोणत्या तपमानाला सुटावी? अमेरिकेतील मॉरिट्झ व हेन्रिकेस यांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवरून याचा आधार मिळतो. ४४ अंश सेल्सियस तपमानाचा स्पर्श सुमारे सहा तास टिकला तर त्वचा भाजते. त्यापुढे ५१ अंशांपर्यंत दर एका अंशाला हा अवधी साधारणतः निम्मा होत जातो, आणि ६० अंशांना तो काही सेकंदांवर येतो. सुखद ऊब आणि इजा यांच्यामध्ये अशा रीतीने थोड्याच अंशांचे अंतर आहे. निरोगी माणसाला सुमारे ४३ अंशांपुढे चटका जाणवू लागतो व तो अंग काढून घेतो. ही जाणीव देणाऱ्या मज्जातंतूंतील उष्णताग्राहकाच्या शोधाबद्दल डेव्हिड ज्यूलियस यांना २०२१ सालचे नोबेल पारितोषिक आर्डेम पाटापूटियन यांच्यासमवेत मिळाले.

परंतु ज्याची ही जाणीवच नष्ट झाली आहे त्याचे काय? दीर्घकाळच्या मधुमेहाने किंवा कुष्ठरोगाने ज्यांचे पाय बधिर झाले आहेत, अशांना चटका कळत नाही. पायात मुंग्या येतात, पाय जड वाटतात, म्हणून नेमके हेच लोक गरम मर्दनाकडे वळतात. यंत्राखाली झोप लागलेल्या अशा माणसाची त्वचा भाजली तरी तो जागा होत नाही, आणि मधुमेह्याच्या पायावरील लहानसा फोडही चिघळत जाऊन पाय गमावण्यापर्यंत पाळी येऊ शकते. म्हणून बधिर भागावर उष्ण यंत्र वापरू नये. नीलेत रक्ताची गाठ झाली असल्यास, ताजी सूज किंवा जखम असल्यास, अर्बुदाच्या जागी, आणि हृदयात गतिकारक यंत्र बसविलेले असल्यास वैद्याला विचारल्यावाचून ते लावू नये.

गुण कितपत

या यंत्राने मेद वितळतो किंवा जुनाट रोग मुळापासून जातात, अशा जाहिराती शतकभर होत आल्या आहेत. त्यांना आधार नाही. जे खरोखर घडते ते मर्यादित, पण खोटे नाही. ऊब मिळाली की त्या जागेच्या रक्तवाहिन्या रुंदावतात व आखडलेले स्नायू सैल पडतात. कंपनाच्या संवेदना मज्जारज्जूकडे जात असता वेदनेच्या संवेदनांची वाट काही अंशी अडवितात. मेल्झॅक व वॉल यांनी १९६५ साली मांडलेल्या द्वारनियंत्रणाच्या उपपत्तीने याचे स्पष्टीकरण मिळते. ठेच लागली असता आपण ती जागा नकळत चोळतो, त्यामागेही हेच कारण असावे. हा आराम बहुधा तात्पुरता असतो; दुखण्याचे कारण शोधण्याचे काम त्याने संपत नाही.

शिवनसमुद्राच्या प्रपातापासून निघालेली शक्ती दुखऱ्या पाठीपर्यंत पोचविण्यासाठी नायक्रोमची तार, अभ्रकाची पुडी, बॅकेलाइटची मूठ आणि पितळेची वाकणारी पट्टी इतक्या गोष्टी जमवाव्या लागल्या. तरीही यंत्र अंगाला लावण्यापूर्वी त्याची चकती क्षणभर आपल्या मनगटाच्या आतील बाजूस लावून पाहण्याची जुनी रीत सोडू नये. पट्टीला केवळ चकतीचे तपमान कळते. ती कोणाच्या अंगावर ठेवली आहे, हे तिला कळत नाही.